करेप्पाचं रान

नाथाजीला कुणी गाव विचारलं की झालं! सरळ उत्तर देणं म्हाताऱ्याच्या जिवावर यायचं. गाव नव्हतं असं नाही. जतच्या पलीकडे, कानडी मुलखाला लागून वस्ती होती, भावकी होती, चार एकर माळही होता. पण नाही. मान ताठ करून तो सांगायचा, "आमी करेप्पाचं." ऐकणारा बिचारा बुचकळ्यात पडायचा, आणि लेक स्वप्नाली कपाळावर हात मारून घ्यायची.

करेप्पा म्हणजे त्यांचा देव. चांदीचा मुखवटा लावून बसणारा, पालखीतून मिरवणारा मोठा देव नव्हे हो. नारळाएवढा काळा दगड, मधून पांढरी शीर गेलेला. नाथाजीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की कोरड्या मुलखातून कृष्णाकाठच्या रानांत उतरायचं, शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, जेठात माघारी फिरायचं. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, आणि सगळ्यांत वर घोंगडीच्या गाठोड्यात करेप्पा. तळ पडला की आधी देव भुईवर बसवायचा, मग चूल मांडायची. तळ उठला की आधी देव उचलायचा, मग बाकीचं. आणि उचलायचा तो घरच्याच रक्ताच्या माणसानं, परक्यानं हात लावायचा नाही, असा रिवाज.

हा देव हरवला होता. आता देव काय हरवायची वस्तू आहे का? पण हरवला, आणि अख्खी भावकी म्हणायची, स्वप्नालीमुळं हरवला.

झालं असं, की त्या वर्षी कृष्णाकाठच्या कुठल्याशा रानात तळ होता आणि नाथाजीची बायको बयाबाई दिवस भरायच्या आतच तिथं बाळंत झाली. मुलगी झाली. तळावरची सगळी माणसं एका रक्ताची, तेव्हा सगळ्यांनाच सोयर लागलं. सोयर असताना देवाला शिवायचं नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात मेंढरं आजारी पडली. आज दोन, उद्या चार, पटापट माना टाकायला लागली. थोरला भाऊ तात्याबा तळाचा कारभारी होता. तो म्हणाला, "उठा. हितं थांबलो तर एक बी वाचायचं न्हाई. देवाला र्‍हाऊ द्या हितंच, सोयर फिटलं की येऊन उचलू." बयाबाईला लेकरासकट घोड्यावर बसवलं आणि करेप्पाला मागं ठेवून तळ निघाला.

माघारी कोण येतंय! वाटेतच निम्मा कळप गेला, उरलेला मिळेल त्याला देऊन टाकला, आणि त्या धसक्यानं तात्याबानं अंथरूण धरलं ते धरलंच. त्याच्याबरोबर गावाचं नावही गेलं. कारण शेतकऱ्यांशी बोलणी करायचा तो. धाकटा नाथाजी मेंढरांच्या मागं चालायचा, त्याला गाव काय ठाऊक? त्याला रान ठाऊक. चढावरचं रान, कडेला बाभळी, खाली मोटेची विहीर, आणि त्या जागेला तळावरची सगळी एकच म्हणायची, करेप्पाचं रान. पुढं दोनदा तो शोधत हिंडला. पण तोवर उचल पाण्याच्या योजना आल्या होत्या आणि मोकळ्या रानांचा जिकडंतिकडं ऊस झाला होता. डोक्याएवढ्या उसात शिरल्यावर माणसाला आभाळाशिवाय काय दिसणार? चार दिवस हिंडून तो हात हलवत परत आला.

मग मेंढरं गेली ती गेलीच. नाथाजी सांगलीच्या हळद बाजारात हमाली करायला लागला. अंगाला, कपड्याला, भाकरीला हळदीचा वास. त्या हळदीवर त्यानं पोरगी शिकवली, आणि पोरगीही अशी हट्टी की इतिहास घेऊन शिकतच गेली. बयाबाई गेल्यावर स्वप्नाली बापाला वाईला आपल्याजवळ घेऊन आली. ती तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायची.

सगळं चांगलं झालं होतं म्हणायचं. पण वस्तीवर भावकीनं करेप्पासाठी ओटा बांधला होता, चांगला दगडी, आणि त्यावर देव नव्हता. दरवर्षी जत्रेला त्या रिकाम्या ओट्यावर भंडारा उधळायचा. ढोल वाजायचे, आणि ढोल थांबले की कुठल्यातरी चुलतीची नजर स्वप्नालीकडं वळायची. "हीच गं ती, देव सोडून आणल्याली." हसून म्हणायच्या, वाईट हेतू नव्हता कुणाचा. पण लहानपणापासून ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं. आपण जन्माला आलो म्हणून देव राहिला. आपला बाप आपल्यापायी देवाला मुकला.

आणि आता बापाचं काळीज दमलं होतं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जपा. नाथाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "स्वप्ने, करेप्पाला ओट्यावर बसवल्याबिगर मी मरायचा न्हाई. आन्‌ त्यो गावत न्हाई म्हनून मला जगायचं बी सुदरंना." असं बोलल्यावर हसावं की रडावं?

तेव्हापासून सुट्टी मिळाली की दोघं बापलेक यष्टीत बसायची. कऱ्हाडच्या खाली, ताकारी, पलूस, नदीच्या या काठानं आणि त्या काठानं. प्रत्येक गावात स्वप्नाली विचारायची, "इथं करेप्पाचं ठाणं कुठं आहे?" लोक भले. कुणी मारुतीचं देऊळ दाखवायचं, कुणी म्हसोबा, कुणी चहा पाजायचं. करेप्पा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. "असला देव न्हाई बा आमच्याकडं," म्हणायचे आणि खरंच हळहळायचे.

आता जरा स्वप्नालीच्या अभ्यासाबद्दल सांगायला पाहिजे, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

तिचा विषय होता जुना इजिप्त, आणि इजिप्तच्या लेखांतून कळणारी शेजारची माणसं. नाईलच्या वरच्या अंगाला, आजच्या सुदानात, सोलेब नावाच्या ठिकाणी एक पडकं देऊळ आहे. आमेनहोतेप तिसरा या राजानं बांधलेलं, चौतीसशे वर्षांपूर्वीचं. त्याच्या खांबांवर हात मागं बांधलेल्या कैद्यांच्या आकृत्या ओळीनं कोरल्यात, आणि प्रत्येकाच्या पोटाशी एका चौकटीत त्याच्या मुलखाचं नाव. म्हणजे राजाचा दिमाख, एवढे एवढे देश आम्ही नमवले! त्यातल्या एका चौकटीत लिहिलंय, शासूंचा मुलूख, यहू. शासू म्हणजे भटके मेंढपाळ, इजिप्तच्या पूर्वेला वाळवंटाच्या कडेकडेनं कळप घेऊन फिरणारे. आणि यहू? पुढं कितीतरी शतकांनी डोंगरातल्या गावांत शेती करून राहणारे इस्राएली लोक ज्या देवाला भजायला लागले, त्याच्या नावाशी हे नाव जुळतं. त्या लोकांची अगदी जुनी गीतंही म्हणतात की आपला देव मूळचा इथला नव्हे, दक्षिणेच्या डोंगरांकडून चालत आला. मग तो आधी त्या मेंढपाळांचा देव होता का? की यहू हे नुसतं जागेचं नाव आणि नावं जुळली हा योगायोग? विद्वान अजून भांडतायत. स्वप्नालीही वर्गात सांगायची, "पुरावा एवढाच आहे, पोरांनो. पुढचा अंदाज." आणि तिथंच थांबायची.

एका रविवारी ती वाईच्या घरात पेपर तपासत बसली होती. शेजारच्या खोलीत अंबूबाई नावाची नवी भाडेकरू राहायला आली होती, घाटावर फुलं विकणारी, तोंडानं भारी बोलकी. तिनं ओट्यावर बसलेल्या नाथाजीला गाठलं.

"आवं आबा, गाव कंचं तुमचं?"

"आमी करेप्पाचं."

"व्हय का? बोलण्यावरनं वाटलंच, जतकडचं! माझी नणंद बी तिकडंच दिलीया की! करेप्पा त्या रस्त्यावरच लागतंय न्हवं? शाळेच्या फुडं?"

आत स्वप्नाली खो खो हसली. बिनधास्त बाई, न बघितलेल्या गावाला शाळासुद्धा बांधून मोकळी झाली! बापही बाहेर खोकत खोकत हसत होता. आणि हसता हसता स्वप्नालीच्या हातातला पेन थांबला.

अंबूबाईनं विचारलं गाव. बापानं सांगितला देव. अंबूबाईनं ऐकलं गाव. वाळवंटाच्या कडेला इजिप्तच्या कारकुनानं दुसरं काय केलं असेल? कुठले रे तुम्ही? आम्ही यहूचे. लिही, मुलूख यहू. असंच झालं असेल याला पुरावा नव्हता, आणि ती तसं लिहिणारही नव्हती. पण अंगावर काटा आला तो दुसऱ्याच विचारानं. कृष्णाकाठचे शेतकरी वर्षानुवर्षं तात्याबाला विचारत असतील, यंदा कुठं उतरला? आणि तात्याबा म्हणत असेल, करेप्पाला. मग त्यांनी तरी वेगळं काय ऐकलं असेल?

"आबा!" ती ओरडतच बाहेर आली. "आपण चुकीचं विचारत होतो. आपण देव विचारत होतो. रान विचारायला पाहिजे, रान!"

"खुळी का काय तू," नाथाजी म्हणाला. पण सरसावून बसला.

वाईला यायच्या आधी स्वप्नाली कऱ्हाडला शिकवायची. त्या पोरांचा एक ग्रुप अजून तिच्या फोनवर होता, लग्नांच्या पत्रिका आणि वाढदिवसाच्या केकांनी भरलेला. तिनं त्यावर टाकलं, तुमच्या भागात कुठल्या रानाला करेप्पा म्हणतात का? नदीकाठी, चढावरचं रान. लगेच चेष्टा सुरू झाली. मॅडम, प्लॉट बघताय काय? मॅडम, आमच्याकडं वांग्याची पट्टी हाय, चालंल का? दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी दिग्विजयचा फोन आला. हा दिग्विजय वर्गात कधी तोंड उघडत नसे, आता फौजेत होता, राजस्थानात कुठंतरी पोस्टिंग.

"जय हिंद मॅडम. ड्युटीवर हुतो, मेसेज आत्ता बघितला. आमच्या वरल्या पट्टीलाच करेप्पा म्हणतात की. कुंडलच्या शिवाराच्या कडंला. का वो?"

"करेप्पा कोण, ठाऊक आहे का तुला?"

"आसंल कोण तरी जुना मालक. आमी आपलं म्हणतोय, करेप्पात पाणी सोडलंय, करेप्पात लागण केलीया. मॅडम? हॅलो? मॅडम, रडताय का?"

रडत होती. आणि हसतही होती, आणि दिग्विजयला काहीच समजत नव्हतं.

आईशप्पथ सांगतो, नाथाजीला हे सांगितल्यावर म्हातारा तडक उठला, ट्रंकेतून नवी घोंगडी काढली. कधी आणून ठेवली होती कुणास ठाऊक. भंडाऱ्याची पुडी तिच्यात बांधली आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसला. त्या रात्री तो नीट जेवलाही नाही. भावकीत फोन गेले. वस्तीवर ढोलवाले तयार, चुलत्यांनी ओटा धुऊन काढला. करेप्पा येणार, करेप्पा येणार!

दिग्विजयच्या घरी स्वप्नालीनं एवढंच कळवलं होतं की मॅडम रान बघायला येणार आहेत. जास्त सांगायचा तिला धीर होत नव्हता. कुणाच्या दारात जाऊन म्हणायचं कसं, तुमच्या रानातला देव न्यायला आलोय?

दिग्विजयचे वडील लालासाहेब म्हणजे ऐसपैस माणूस. स्वतः फौजेतून निवृत्त, मिशा अजून रांगेत. चहा, लाडू, पुन्हा चहा. "आमच्या पोराच्या बाई तुमी, लय मान हाय तुमचा. खरं सांगू का, त्यो शिकला त्ये तुमच्या धाकानं." स्वप्नालीचा जीव मात्र गाठोडं घेऊन बसलेल्या बापाकडं.

वरल्या पट्टीत ऊस होता, खोडवा, कमरेएवढा. बाभळी कधीच गेल्या होत्या. विहीर बुजली होती. नाथाजी बांधावर उभा राहून इकडं बघतोय, तिकडं बघतोय, आणि त्याचा चेहरा उतरत चाललाय. मग लालासाहेबांनी सरीतून वाट काढली आणि म्हणाले, "या असं, आलाय तर पाया पडा." उसाच्या मधोमध वावभर मोकळी जागा होती. शेणानं सारवलेली. मध्ये दगडांच्या आळ्यात, हळदीनं पिवळा झालेला, नारळाएवढा एक धोंडा.

"ह्यो आमचा मेंढकरीबाबा," लालासाहेब सांगत होते. "नाव गाव कुणाला ठावं न्हाई. कवातरी मेंढक्यांनी सोडल्याला. नांगर, ट्रॅक्टर, काय बी आणा, ही जागा सोडून. आईची सक्त ताकीद हाय. ऊस तोडायच्या आधी ह्याला पयला कोयता दावायचा. दिग्या भरतीला निघाला तवा हितनंच पळत गेला. निवड झाली तवा आई म्हणाली, मेंढकरीबाबाला ठावं हाय माणसं लांब कशी जात्यात आन्‌ माघारी कशी येत्यात."

नाथाजी गुडघ्यावर बसला. अंगठ्यानं त्यानं हळद खरवडली. खाली काळा दगड, आणि काळ्यातून गेलेली पांढरी शीर.

मग म्हातारा असा रडला म्हणता! पोरगी जन्मताना निळी पडली होती तेव्हा नाही, मेंढरं मेली तेव्हा नाही, बायको गेली तेव्हाही नाही असा. कपाळ दगडाला लावून "करेप्पा, माझ्या करेप्पा" एवढंच. लालासाहेब भांबावून गेले. स्वप्नालीनं त्यांना सगळं सांगितलं. बाळंतपण, सोयर, मेंढरांची मर, रिकामा ओटा. आणि शेवटी तेही सांगितलं, की बाप देव उचलायला आलाय.

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमचाच हाय म्हणल्यावर मी कोण न्हाई म्हणणारा? न्या." आणि तोंड फिरवून ते उसाकडं बघत राहिले.

स्वप्नालीला त्या क्षणी आपला सगळा अभ्यास डोळ्यांसमोर उभा दिसला. फिरत्या मेंढक्यांचा देव नांगरकऱ्यांच्या गावात असा राहतो. कुणी ठरवून आणत नाही, कुणी लढाई जिंकून बसवत नाही. त्याचं नाव रानाला जातं, आणि देवाला मेंढक्यांचं. चौतीसशे वर्षांपूर्वी तिकडं काय झालं ते तिला आजही ठाऊक नव्हतं. पण असं काहीतरी होऊ शकतं, हे तिनं डोळ्यांनी बघितलं, आणि एवढं बघायला मिळालं म्हणून तिनं मनोमन हात जोडले.

नाथाजीनं घोंगडी अंथरली. दोन्ही हात धोंड्याखाली घातले. आणि थांबला.

"ह्याचं कोण करतं?" त्यानं विचारलं.

"आई. रंगूबाई. दोन साल झाली, पाय गेल्यात तिचं. आता मी करतो, पर रोज इचारून घेती, सारवलं का, गूळ ठेवला का."

"मग तिला इचारल्याबिगर कसं उचलू?" नाथाजीनं हात काढून घेतले. "चला घरला."

रंगूबाई सोप्यात पलंगावर होती. पिकलेली, सुरकुतलेली, अंगानं मूठभर, पण डोळे लख्ख. लालासाहेब तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "आई, मेंढकरीबाबाची माणसं आल्यात. ज्यांनी सोडला ती."

म्हातारीनं लेकाला हातानं बाजूला सारलं. देवाचं नाव नाही, या बसा नाही, काही नाही. नाथाजीकडं बघून तिनं एकदम विचारलं,

"ती पोर जगली का रं?"

नाथाजी पलंगाजवळ सरकला.

"तुज्या बायकूचं बाळंतपण म्या केलं हुतं. तू तवा शेरडासारका कापत हुतास. पोरगी निळी, रडंना का हालंना. म्या पाय धरून उलटी केली, पाटीवर चापट्या मारल्या, पदरात धरून फुंकर घातली, तवा कुटं बारीक आवाज काडला. येवडीशी. आन्‌ दोन दिसांनी बघती तर तळ उटल्याला! कुटं गेला, कोन सांगंना. म्या त्या धोंड्याम्होरं बसले आन्‌ म्हनलं, बाबा, तुजी मानसं तू जान. पर पोर जगली का येवडं सांग. तवाधरनं रोज गूळ ठेवती आन्‌ येवडंच इचारती. ह्ये लोक म्हन्त्यात आई पिकासाठी करती, नातवासाठी करती. मला काय करायचंय रं पीक? ती पोर जगली का सांग की आदी!"

नाथाजीनं लेकीचा दंड धरला आणि तिला ओढून पलंगापुढं उभं केलं.

स्वप्नाली खाली बसली. रंगूबाईनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, कान चाचपले, खांदे चाचपले, जशी काही एखादा अवयव कमी निघेल. मग बोटं कानशिलावर मोडली. "मास्तरीन झाली व्हय गं तू? दिग्याची?" आणि पदरात तोंड घालून म्हातारी हमसाहमशी रडायला लागली. स्वप्नालीनं तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. जन्मभर तिनं ऐकलं होतं की तिच्यापायी देव बेवारशी झाला. इथं तर तिच्यापायीच त्याला रोज कुणीतरी हाक मारत होतं! "आजी," तिला एवढंच म्हणता आलं, "आजी, मी तुमची लय ऋणी हाय." कॉलेजात शुद्ध बोलणारी बाई, त्या घरात तिची भाषासुद्धा पळाली.

पदर तोंडावरून काढून रंगूबाई नाथाजीला म्हणाली, "ने आता तुजा देव. माजं काम झालं त्याच्याकडं. कवाधरनं वाट बघाय लावलीस त्याला बी आन्‌ मला बी."

नाथाजीनं गाठोडं उलगडलं. घोंगडी काढली, झटकली, आणि रंगूबाईच्या पायांवर पांघरली.

"न्हाई उचलत, काकू. ज्यानं माज्या पोरीची इचारपूस रोज तुमच्या तोंडून ऐकली, त्याला म्या कोन हलवनार? त्यो हितं घरात हाय. जत्रा आमी हितं आणू. भावकी बोंबलंल, बोंबलू द्या. म्होरल्या जत्रंपासनं पयला भंडारा तुमच्या घरचा, मान तुमचा."

लालासाहेबांनी मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणून म्हाताऱ्याला मिठीच मारली. रंगूबाई मात्र कुरकुरली, "मानाचं काय घिऊन बसलास रं. मला उटता येईना. दोन साल झाली, म्या त्येचं त्वांड बघितलं न्हाई."

"एवढंच ना?" स्वप्नाली म्हणाली.

तिनं म्हातारीच्या गुडघ्याखाली एक हात घातला, पाठीखाली एक, आणि उचलली. कितीसं वजन असणार त्या जिवाला! लालासाहेब पुढं झाले, ट्रॅक्टर काढतो म्हणाले, पण दोघींपैकी कुणी ऐकलं नाही. चढाची वाट, उन्हं कललेली, नाथाजी एका अंगानं घोंगडी सावरत चाललेला. मध्ये दोनदा स्वप्नाली दम खायला थांबली, तेव्हा रंगूबाई म्हणाली, "ठिव गं मला, दमलीस," आणि तिच्या गळ्यातली मिठी आणखी घट्ट केली.

सारवलेल्या जागेत स्वप्नाली तिला तशीच मांडीवर घेऊन बसली. रंगूबाईनं हात जोडले नाहीत. कमरेची पिशवी सोडून गुळाचा खडा काढला, धोंड्यापुढं ठेवला, आणि स्वप्नालीची हनुवटी धरून तिचं तोंड देवाकडं वळवलं.

"बघ रं," ती म्हणाली. "जगली."